डोंग्याची रेघ

नकाशात कोसमटोला लाल होता. शाळेच्या वऱ्हांड्यात भिंतीला टेकवलेला तो मोठा कागद गावानं वाकून वाकून पाहिला. बायकांच्या मागच्या रांगेत बसलेल्या चंदाबाईला त्यातलं काही उमगायच्या आधी नवऱ्याच्या मानेवरची शीर फुगलेली दिसली. इस्तारीचं असंच होतं. आधी शीर फुगायची, मग तोंड सुटायचं.

"लाल काऊन?" इस्तारी म्हणाला. "आमी काय वाघ हावो का?"

लोक हसले. नकाशा घेऊन आलेली पोरगीही हसली. संघप्रिया तिचं नाव. कुठल्या गावाला कुठला दवाखाना गाठता येतो, ते पाहायच्या सरकारी कामावर होती आणि स्कुटीवर नदीकाठची गावं पालथी घालत होती.

"चिडू नका भाऊ, लाल म्हणजे फक्त दूर," ती म्हणाली. "पहिले दवाखान्याभवती एक गोल काढत. गोलात आलं ते गाव जवळचं. तुमचं गाव मुरगावच्या दवाखान्याच्या गोलात येत होतं. आता कॉम्प्युटरले सगळे रस्ते दिले आहेत. दवाखान्यातून गाडी निघाली तर रस्त्यारस्त्यानं अर्ध्या तासात कुठवर पोचते, तिथवर हिरवं. तासाभरात पोचते तिथवर पिवळं. त्याच्याही पलीकडं लाल."

"अन् ते काय हाय मंग?" इस्तारी उठला आणि नदीकडं हात केला. शाळेच्या वऱ्हांड्यातूनच पैलतीर दिसत होता आणि पैलतीरावर मुरगावच्या दवाखान्याची पांढरी टाकी. "डोये हायेत का नाई तुह्या कंपुटरले?"

"दिसते भाऊ. पण रस्ता घाटापाशी संपते. गाडीनं जायचं तर पार वरच्या पुलापर्यंत जाऊन, पलीकडून खाली यावं लागते."

"गाडीनं कोन जाते? आमी डोंग्यानं जातो. माह्या डोंग्यानं. इचार या बायायले, बाळंतपणाले कोनी नेलं."

ते खरं होतं. इस्तारी ढिवराचा. बापाच्या मागं त्यानं डोंगा हाती घेतला आणि तेव्हापासून गावची अडली बाई, साप चावलेला माणूस, तापानं फणफणलेलं पोर, सगळं त्याच्याच डोंग्यानं पलीकडं गेलं. मुरगाव दुसऱ्या जिल्ह्यात आहे, हे गावात कोणाच्या ध्यानातही नसायचं.

संघप्रिया जरा विचारात पडली. "रोजचा डोंगा असन तर तोबी रस्ताच धरतात," ती म्हणाली. "नदीवर रेघ काढता येते. पण चालवून मोजावं लागन."

"मोज ना. उद्याच मोज."

गावची आशाताई रिना पुढं बसली होती. तिनं विचारलं, "रेघ काढली तं गाव हिरवं होईन का मॅडम?"

"होईन."

"मंग ते गाडीचं?"

संघप्रियानं नकाशाचा सुटलेला कोपरा दाबून धरला. लाल गावांसाठी पावसाळाभर शेजारच्या पाथरटोल्याला एक रुग्णवाहिका उभी राहणार होती. हे तिनं सुरुवातीलाच सांगितलं होतं, पण रंग पाहण्याच्या नादात कोणी नीट ऐकलं नव्हतं. "हिरव्या गावाले ती गाडी नाई भेटत, ताई," ती म्हणाली.

"कोनाले पायजे गाडी!" इस्तारी म्हणाला, आणि चारदोन माणसांनी मान हलवली.

चंदाबाईनं वळून सुनेकडं पाहिलं. दिव्यानी खांबाला टेकून, पाय लांब करून बसली होती. सातवा लागला होता. घोट्यांवर अशी सूज होती की चांदीचे वाळे कातडीत रुतले होते.

*

दुसऱ्या दिवशी इस्तारी आंघोळ करून, धुतलेली बंडी घालून घाटावर आला. मृग कोरडाच चालला होता. नदी निळी आणि शांत पडली होती. संघप्रिया हातात मोबाईल धरून मधे बसली. चंदाबाई पाणी उपसायचा डबा घेऊन मागच्या टोकाला बसली, कारण डोंगा एका सांध्यातून गळत होता.

इस्तारीनं वल्हं मारलं. इतक्या जोरात तो बऱ्याच दिवसांत चालवत नव्हता. डोंगा सरसर निघाला. संघप्रियाच्या मोबाईलवर एक निळा ठिपका नदीच्या पाण्यातून पुढं सरकत होता आणि तिला त्याची गंमत वाटत होती. "पाहा बाई, आपण नदीत चालून राह्यलो," तिनं चंदाबाईला दाखवलं.

चंदाबाईचं लक्ष ठिपक्यात नव्हतं. नवऱ्याचा उजवा खांदा ती पाहत होती. दिवाळीच्या सुमारास जाळं फेकताना तो खांदा कटकन वाजला होता आणि तेव्हापासून हात कानाच्या वर जात नव्हता. पहाटे, घराला जाग यायच्या आधी, ती त्याला तेल चोळून द्यायची. भिंतीवरच्या खुंटीचा कंदील तीच काढून द्यायची. सुनेला माहीत नव्हतं. मुलाला, भूपेशला, घुग्घुसला कोळशाच्या ट्रकवर असल्यामुळं कळायचा प्रश्नच नव्हता.

पैलतीराला लागल्यावर इस्तारी हसला. "बिडीबी संपली नसती," तो म्हणाला.

परत येताना त्याच्या वल्ह्याचा ठेका तुटत होता. अलीकडं उतरल्यावर त्यानं उजवा हात दुपट्ट्यात गुंडाळून पोटाशी धरला.

"पावसाळ्यात किती बंद राहतो डोंगा?" संघप्रियानं विचारलं. तिनं चंदाबाईकडं पाहून विचारलं होतं.

"बंद?" इस्तारीच बोलला. "माहा डोंगा बंद नाई राहत."

संघप्रियानं परत एकदा चंदाबाईकडं पाहिलं. चंदाबाई डब्यानं पाणी उपसत राहिली. डोंग्यात उपसण्याजोगं पाणी उरलं नव्हतं.

"बाकीची गावं करून मी परत येते," पोरगी म्हणाली. "तेव्हा सरपंचांसमोर पक्कं करू. तोवर ही रेघ कच्ची."

*

मग पाऊस लागला आणि असा लागला की धानाच्या रोपांचे पऱ्हे पाण्याखाली गेले. चंदाबाई दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून बांध फोडायची, पाणी काढून द्यायची. दिव्यानीला तिनं घरीच बसवलं होतं, तरी ती डोक्यावर प्लास्टिक घेऊन बांधावर भाकर घेऊन यायची.

"तुले सांगतलं ना येऊ नोको म्हून."

"घरी जीव घाबरते माय."

रिनानं दंडाला पट्टा बांधून तिचा रक्तदाब पाहिला आणि तोंड बारीक केलं. "मावशी, हिले कळा लागल्यावर वाट पाहत बसू नका," ती चंदाबाईला बाजूला घेऊन म्हणाली. "हिले झटके येऊ शकतेत. इथी माह्याच्यानं काईच होणार नाई."

त्या संध्याकाळी चुलीपाशी दिव्यानी हळूच म्हणाली, "माय, मले डोंग्यात नोका नेऊ."

"काऊन व?"

"मामंजी मधे थांबतेत. वल्हं मांडीवर ठेवतेत अन् थांबतेत. मागच्या खेपेले मी पाह्यलं. डोंगा आपल्यापरीनं वाहत होता."

चंदाबाईनं फुंकणी खाली ठेवली. म्हणजे पोरीलाही माहीत होतं.

वरच्या धरणाचं पाणी सोडलं तेव्हा नदीचा रंग एका रात्रीत पालटला. सकाळी ती लाल, फेसाळ, काठोकाठ. पलीकडच्या शेतांत धानाची रोपं लावायचा रोवणा सुरू झाला होता आणि गावच्या बाया मजुरीला जायला घाटावर उभ्या होत्या. इस्तारी नाही म्हणाला असता तर कोणी त्याला बोललं नसतं. पण मोजणीच्या दिवशी याच घाटावर तो म्हणाला होता की डोंगा बंद राहत नाही.

त्यानं बायांना बसवलं. चंदाबाई काठावर उभी होती. अर्ध्यापर्यंत डोंगा बरा गेला. मग त्याचं तोंड फिरलं. इस्तारी वल्हं मारत होता, पण डाव्या हातानंच, आणि डोंगा आडवा होऊन धारेबरोबर खाली निघाला. बायांचा ओरडा पाण्यावरून ऐकू आला. चंदाबाई काठाकाठानं, बाभळीच्या काट्यांतून धावत सुटली. डोंगा वळणाआड गेला तरी ती धावतच राहिली.

फार खाली, अलीकडच्याच काठावरच्या एका उंबराच्या मुळांत अडकून तो थांबला. सगळ्या बाया वाचल्या. पण इस्तारी एकटाच डोंगा ओढत काठानं परत आला तेव्हा दुपार झाली होती. बंडी फाटली होती आणि ओठ निळे पडले होते.

"कोनाले सांगू नोको," तो बायकोला म्हणाला. "बायायनं कबूल केलं हाय. त्या बोलणार नाईत."

*

संघप्रिया आली ती भर पावसात, रेनकोट गळत. या वेळी सभा ग्रामपंचायतीच्या खोलीत भरली. सरपंच गुलाबभाऊ टेबलामागं बसले होते. टेबलावर तोच नकाशा होता, पण आता नदीवर एक बारीक तुटक रेघ होती आणि कोसमटोला हिरवा झाला होता. इस्तारीनं ती रेघ पुन्हा पुन्हा पाहिली. शेवटी पुढं होऊन तिच्यावर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काम कागदावर आलं होतं. चंदाबाईला त्याचा चेहरा पाहवेना.

"सगळ्यायचं एकमत असन तर मी हे पाठवते," संघप्रिया म्हणाली.

"पाठवून द्या," गुलाबभाऊ म्हणाले.

चंदाबाई उभी राहिली. सभेत ती आजवर कधी बोलली नव्हती. पदर डोक्यावर घेतला तो हातातून सुटून परत खांद्यावर आला.

"थे रेघ नोका काढू," ती म्हणाली.

"काऊन व बाई?" गुलाबभाऊंनी विचारलं.

"पुरात डोंगा पलीकडं लागत नाई." तिनं एकदम सगळं सांगून टाकलं, मधे थांबली असती तर पुढं बोलताच आलं नसतं. "त्याईचा खांदा गेला हाय. हात वर जात नाई. परवा बाया वाहून जात होत्या. माही सून जड पायाची हाय, मी तिले त्या डोंग्यात नाई बसवणार. गाव लाल राहू द्या."

त्या डोंग्यात असलेल्या दोन बाया समोर बसल्या होत्या. दोघींनीही माना खाली घातल्या. दाराशी उभा असलेला एक जण म्हणाला, "म्हातारा झाला म्हना ना सरळ," आणि कोणीतरी फिसकन हसलं.

संघप्रियानं हसणाऱ्याकडं पाहिलंही नाही. ती इस्तारीसमोर जाऊन उभी राहिली. "भाऊ, मी तुमच्याच तोंडून ऐकते. तुम्ही चालते म्हणाल तर मी तसंच लिहीन. पुरात चालते का डोंगा?"

इस्तारीचं बोट अजून नकाशावर होतं. चंदाबाईनं मानेवरची शीर पाहिली. ती फुगली नव्हती. पडलेलीच होती.

"नाई," तो म्हणाला. "खोडून टाक."

त्यानं दुपट्टा उचलला. तो खांद्यावर टाकायला हात वर केला, पण हात अर्ध्यातच थांबला आणि आता सगळं गाव त्याच्याकडं पाहत होतं. त्यानं दुपट्टा तसाच मुठीत धरला आणि पावसात निघून गेला.

*

त्यानंतर तो चंदाबाईशी बोलला नाही. जेवायला बसायचा आणि सुनेला म्हणायचा, "तुह्या सासूले सांग, मीठ कमी हाय." तेल लावून घेईना. पहाटे ती वाटी घेऊन जवळ गेली की भिंतीकडं तोंड करून पडायचा. डोंगा त्यानं काठावर ओढून पालथा घातला. पोरं त्याच्यावर चढून उड्या मारू लागली तरी तो त्यांना हाकलेना.

गाव लाल राहिलं, पण पाथरटोल्याला गाडी काही आली नाही. बाजारच्या दिवशी चंदाबाई मुद्दाम पाहून आली. तिथल्या शाळेच्या आवारात गाडीसाठी मुरूम टाकला होता आणि त्यावर शेळ्या बसल्या होत्या. डोंगाही गेला आणि गाडीही नाही, असं झालं तर? ज्या बाया माना घालून बसल्या होत्या त्याच आता पाणवठ्यावर म्हणायच्या, "आमच्या इथून दवाखान्यात जायले आता वाटच नाई बाप्पा, चंदाबाईनं खोडली." ती घागर भरायची आणि निघायची.

श्रावण लागता लागता गाडी आली. रिनानं येऊन सांगितलं तेव्हा चंदाबाई रोवण्यात होती. ती तशीच चिखलाचे हात जोडून उभी राहिली, कोणाला जोडले ते तिलाही कळलं नाही.

*

दिव्यानीचे दिवस भरायला अवकाश होता. पण एका सकाळी ती अंगणात भांडी घासता घासता खाली बसली आणि तिच्या पायाखालची माती ओली झाली. डोकं ठणकतं म्हणाली. डोळ्यापुढं काजवे चमकतात म्हणाली.

रिना टेकाडावर धावली. गावात रेंज फक्त तिथंच मिळायची. परत आली ती धापा टाकत. "गाडी निघाली. पण रपट्यावरून पाणी जाऊन राह्यलं. डायवर म्हणते, गाडी अल्याड येत नाई."

गाव आणि पाथरटोल्याच्या मधे नाला होता आणि नाल्यावर पुरात बुडणारा ठेंगणा पूल, रपटा. चंदाबाई दारातच बसली. आत पोर कण्हत होती. रेघ मी खोडली, ती मनात म्हणत होती. मीच खोडली. समोर दवाखान्याची टाकी दिसत असताना पोरीला मी कोंडून ठेवलं.

इतक्यात इस्तारी उठला आणि घाटाकडं निघाला.

"अजी," तिनं हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही. ती मागोमाग गेली. तो पालथ्या डोंग्यापाशी उभा होता आणि नदीकडं पाहत होता. नदीतून आख्खं झाड मुळासकट चाललं होतं, पांढरा बगळा त्याच्या फांदीवर. आता हा डोंगा सुलटा करील, चंदाबाईला वाटलं, आणि आपण त्याचे पाय धरायचे की हात लावायचा, हेच तिला कळेना.

इस्तारीनं डोंग्याखालचा बांबू ओढून काढला. डोंगा तसाच राहू दिला.

"खाट काढा," गावात शिरता शिरता तो ओरडला. "चार गडी या. रपट्यावर न्यायचं हाय."

खाटेवर दिव्यानी, तिच्यावर प्लास्टिक, चार कोपऱ्यांना चार गडी. वाट सगळी चिखलाची. पाय पोटरीपर्यंत रुतायचे आणि निघताना चपला आतच राहायच्या. रिना बाजूनं धावत दिव्यानीचा हात धरून होती. नाल्याला पाणी कमरेएवढं होतं आणि पलीकडं, पांढरी गाडी दिवा फिरवत उभी होती.

इस्तारी सगळ्यांच्या पुढं पाण्यात उतरला. डाव्या हातानं बांबू टेकवायचा, अंदाज घ्यायचा, मग पाऊल. "इथी या. डाव्या अंगाले नोका जाऊ, तठी रपटा तुटला हाय. हळू. पाण्याकडं पाहू नोका, माह्या पाठीकडं पाहा." गडी त्याच्या पाठीकडं पाहत चालत होते. मधोमध पुढच्या एकाचा पाय घसरला आणि खाट कलली. इस्तारी वळला आणि खाटेचा तो कोपरा त्यानं उजव्या हातानं, खांद्याच्या वर धरला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो बाळंतिणीच्या ओरडण्यासारखाच होता. पण खाट सावरली.

पलीकडं गाडीत दिव्यानीला घेतलं. "दोघीच बसा," ड्रायव्हर म्हणाला, "जागा नाई." रिना चढली. चंदाबाई पायरीवर थांबली. इस्तारी उजवा हात डाव्या हातात धरून पाण्याच्या कडेला उभा होता.

"जाय तू," तो म्हणाला. सभेच्या दिवसापासून तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

*

दिव्यानीला गाडीतच झटका आला. रिनानं तिला कुशीवर धरून ठेवलं. ड्रायव्हर एक हात हॉर्नवर ठेवून गाडी हाकत राहिला. तालुक्याच्या दवाखान्यात पोचल्या पोचल्या तिला आत नेलं आणि चंदाबाईला बाहेरच्या बाकावर बसवलं. पोरगी झाली. ती इतकी लहान होती की नर्सच्या एका पंजात मावली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. "आई सावरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळाचं आताच काही सांगता येत नाही. आणखी आधी आणली असती तर बरं झालं असतं."

आणखी आधी. चंदाबाई ते शब्द घेऊन बसून राहिली. आणखी आधी कुठून आणायची होती, ते तिनं विचारलं नाही.

भूपेश सकाळी घुग्घुसहून आला, कोळशाच्या धुळीनं डोळ्यांच्या कडा काळ्या. बापाबद्दल विचारलं. एसटी बंद होत्या, ठिकठिकाणी रपटे बुडाले होते. तो घरीच असेल, ती म्हणाली.

दुपार कलली तेव्हा दवाखान्याच्या दाराशी शिपाई कोणावर तरी ओरडला. फरशी खराब करू नको म्हणून. चंदाबाईनं मान वळवली. इस्तारी आत येत होता. अनवाणी. गुडघ्यापर्यंत चिखल, वाळून भेगाळलेला. उजवा हात दुपट्ट्याची झोळी करून गळ्यात अडकवला होता. ती झोळी त्यानं कोणाकडून बांधून घेतली असेल, तिला कळेना.

"चालत आले?"

तिनं त्याला काचेच्या पेटीपाशी नेलं. पेटीतल्या पोरीची बोटभर छाती भराभर वरखाली होत होती. त्यानं ती बराच वेळ पाहिली.

"सूनबाई?"

"झोपली हाय. बरी हाय."

मग दोघं बाकावर येऊन बसले. इस्तारीनं पाय पुढं केले. तळवे पांढरे पडले होते, फोड फुटून कातडी लोंबत होती. तो आपल्याच पायांकडं कोणा परक्याचे असावेत तसा पाहत होता.

"लय दूर हाय व," तो म्हणाला. "येता येता वाटे, आता आलं, आता आलं. येतच नाई. लय दूर हाय आपलं गाव."

चंदाबाईनं पदरानं त्याच्या पायाचा चिखल पुसायला घेतला. त्यानं पाय मागं ओढला नाही.